वाचनालयातले तीन प्रिंटर : लिनक्स मिंटवर बसवतानाच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

विंडोज १०चा आधार परवा, १४ तारखेला संपला. वाचनालयातले चारही डेस्कटॉप त्याच्यावरच चालत होते, आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यांतल्या एकातही नाही. नवे संगणक घ्यायचे तर कार्यकारिणीला अनुदानाची वाट पाहावी लागेल. म्हणून चारही यंत्रांवर लिनक्स मिंट २२.२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकायचं ठरलं. काल वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम होता, त्यामुळे सुरुवात आज.

मिंट टाकणं हे काही सांगण्यासारखं काम नाही. पेन ड्राइव्ह लावला, भाषा निवडली, टाइम झोन कोलकाता, संपलं. लिब्रेऑफिस आधीपासून असतंच. खरी कसोटी प्रिंटरांची. काउंटरवर एचपी लेझरजेट १०२० प्लस, कार्यालयात कॅनन एलबीपी २९००, आणि अभ्यासिकेत वायफायवर चालणारा इंक टँकवाला, छपाई-स्कॅन-झेरॉक्स सगळं एकात करणारा. पहिले दोन तालुक्यातल्या निम्म्या दुकानांत आणि कार्यालयांत दिसतात, त्यामुळे या नोंदी दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील अशी आशा आहे.

सचिवांची अट एकच : "दिवाळी अंक योजनेच्या पावत्या सुटता कामा नयेत. बाकी काय टाकायचं ते टाका."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार (वसुबारस)

आज काहीही न बसवता फक्त पाहणी केली. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' दिलं की केबलला काय लागलंय ते कळतं : ०३एफ० हा आकडा दिसला की एचपी, ०४ए९ दिसला की कॅनन. हा आकडाच दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही, केबल किंवा पोर्ट बघायचं. कार्यालयातल्या संगणकाच्या पुढच्या पोर्टवर एलबीपी दिसत-नाहीशी होत होती. मागच्या पोर्टला लावली, स्थिर झाली.

तिन्ही प्रिंटरांत मूळ फरक आहे तो डोकं कुठे आहे याचा. मोठ्या कार्यालयांतले प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशी भाषा समजतात. संगणक त्यांना 'इथे हे अक्षर, तिथे ती रेघ' असं सांगतो आणि पान प्रिंटर स्वतः रचतो. १०२० आणि २९०० यांना यातलं काहीच येत नाही. पान संगणकाने ठिपका-ठिपका रचून द्यायचं, प्रिंटरने ते कागदावर उतरवायचं. स्वयंपाक सगळा संगणकात, प्रिंटर नुसता वाढपी. म्हणून तर ते स्वस्त होते. १०२०ची अंतर्गत मेमरी २ एमबी. ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपके) एक ए४ पान काळ्या-पांढऱ्यात न दाबता ठेवलं तर चार एमबीच्या वर जातं, म्हणजे अख्खं पान त्याच्या डोक्यात मावतच नाही. ड्रायव्हर ते दाबून, पट्ट्यापट्ट्यांनी पाठवतो. ही पाठवण्याची पद्धत १०२०ची वेगळी (तिला झेडजेस्ट्रीम म्हणतात), २९००ची वेगळी (कॅप्ट). त्या पद्धती जाणणारा ड्रायव्हर नसेल तर लिनक्सच काय, कुठलीही प्रणाली हात टेकेल.

अभ्यासिकेतला तिसरा प्रिंटर मात्र आयपीपी बोलतो. हा नेटवर्कवरचा छपाईचा खुला प्रोटोकॉल, पोर्ट ६३१. २०१३ पासून 'आयपीपी एव्हरीव्हेअर' नावाचं मानक आहे. ते पाळणाऱ्या प्रिंटरला ड्रायव्हरच लागत नाही, आपल्याला काय काय येतं ते प्रिंटर स्वतःच सांगतो. मिंट चालू होताच तो आपोआप यादीत आला. अभ्यासिकेतल्या एका मुलाने लगेच प्रवेशपत्र छापून घेतलं आणि "झालं की सर, एवढंच होतं का?" असं विचारून गेला.

पुढच्या नोंदींत सोयीसाठी एक साखळी धरून चालणार आहे : प्रोग्राम, त्यातून निघणारी पीडीएफ, ती प्रिंटरच्या भाषेत बदलणारा फिल्टर, ते बाइट केबलवरून पोचवणारा बॅकएंड, आणि शेवटी यंत्र. तक्रार आली की पान साखळीत कुठे अडलं ते आधी शोधायचं. हे सगळं चालवणारी यंत्रणा म्हणजे कप्स. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली, १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली, २००७ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली. म्हणजे मॅकवर छापणारेही कप्सच वापरतात. आता लिनक्सकडची बाजू ओपनप्रिंटिंग हा गट सांभाळतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार (धनत्रयोदशी)

आजचा दिवस लेझरजेट १०२० प्लसचा.

या प्रिंटरची खासियत अशी की त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा त्याचा स्वतःचा प्रोग्राम, त्याच्यात कायमचं राहत नाही. वीज आली की तो कोरा असतो. संगणकाने प्रत्येक वेळी फर्मवेअर भरावं लागतं. विंडोजमध्ये ड्रायव्हर ते गुपचूप करतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर हे काम एचपीलिप हे एचपीचंच सॉफ्टवेअर करतं, पण फर्मवेअर खुल्या परवान्यात नसल्याने ते मूळ पॅकेजमध्ये येत नाही. 'प्लगइन' म्हणून वेगळं उतरवावं लागतं. मिंट २२.२ मध्ये एचपीलिप ३.२३.१२ आहे आणि प्लगइन नेमकं त्याच आवृत्तीचं लागतं. एक अंकसुद्धा इकडेतिकडे चालत नाही.

'एचपी-सेटअप' चालवलं, त्याने प्लगइन मागितलं, परवाना मान्य केला, चाचणी पान निघालं. लगेच प्लगइनची फाइल आणि तिच्या सोबतची सहीची फाइल दोन्ही वाचनालयाच्या पेन ड्राइव्हवर ठेवल्या. पुढे कधी संगणक नव्याने भरायचा झाला आणि इंटरनेट नसलं तरी 'एचपी-प्लगइन'ला त्या फाइलचा पत्ता देता येतो. आवृत्ती बदलेल ही भीती मात्र सध्या नको. मिंट २२ ही २०२९ पर्यंत आधार असलेली शाखा आहे आणि तिच्यात एचपीलिप याच आवृत्तीवर राहील असं धरायला हरकत नाही. त्यामुळे पॅकेज गोठवण्याच्या भानगडीत पडलो नाही.

दुपारी साडेतीनला वीज गेली, चारला आली. काउंटरचा संगणक यूपीएसवर असल्याने चालूच राहिला. प्रिंटर यूपीएसवर नाही, आणि तो तसाच असला पाहिजे. लेझर प्रिंटरचा फ्यूजर तापताना एकदम इतका प्रवाह ओढतो की छोटा यूपीएस किंचाळायला लागतो. वीज आल्यावर ग्रंथपाल बाईंनी पावती दिली आणि कागद हलेना. रांगेत काम दिसतंय, 'प्रक्रिया चालू' म्हणतंय, यंत्र ढिम्म.

'एलपीस्टॅट -व्ही' दिल्यावर उलगडा झाला. त्याच प्रिंटरच्या दोन रांगा होत्या (रांग म्हणजे प्रणालीतली प्रिंटरची नोंद, छपाईची कामं तिच्यात साठतात). एकीचा पत्ता 'यूएसबी:'ने सुरू होणारा, दुसरीचा 'एचपी:'ने. पहिली रांग केबल लावल्याबरोबर प्रणालीने स्वतःहून बनवलेली, फू२झेडजेएस या दुसऱ्या ड्रायव्हरवर. दुसरी आम्ही एचपीलिपने बनवलेली. सकाळी फर्मवेअर एचपीलिपने भरलेलं असल्याने दोन्ही रांगांतून पान निघत होतं, म्हणून कुणाला फरक कळला नाही. वीज गेल्यावर प्रिंटर कोरा झाला आणि यंत्र पुन्हा दिसताच फर्मवेअर कोणी भरायचं यावर दोन ड्रायव्हरांचे नियम एकमेकांच्या पायात आले. दोघांपैकी कुणीच भरलं नाही.

इलाज : 'यूएसबी:'वाली रांग काढली, फू२झेडजेएसचं पॅकेज काढलं, प्रिंटरचं बटण बंद-चालू करून पाहिलं. आता वीज आली की काही सेकंदांत दिवे लुकलुकतात आणि एचपीलिप फर्मवेअर भरतं. मुद्दाम बोर्डावरचं बटण पुन्हापुन्हा पाडून पाहिलं. दर वेळी भरलं गेलं. तरी खबरदारी म्हणून डेस्कटॉपवर एक चिन्ह ठेवलं, 'प्रिंटर जागा करा' नावाचं. त्यावर दोनदा टिचकी दिली की 'एचपी-फर्मवेअर' चालतं. शिपाईमामांनी ते पाहून "हे बरंय, आम्हालाबी एक बसवा," अशी मागणी केली.

फू२झेडजेएसबद्दल वाईट मत नाही. एचपीलिपच्या आधी अनेक वर्षं याच ड्रायव्हरने असे स्वस्त प्रिंटर लिनक्सवर चालते ठेवले. प्रश्न फक्त दोघे एकत्र असण्याचा होता.

संध्याकाळी सहापर्यंत योजनेच्या पावत्या सुरळीत निघाल्या. सचिव येऊन गेले, पावती उजेडाला धरून बघितली, काही बोलले नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, वाचनालय उघडलं. आज कार्यालयातली एलबीपी २९००.

दोन वाटा होत्या. एक, कंपनीचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर. तो रांगेशिवाय सीसीपीडी नावाची एक वेगळी सेवा मागे चालवतो, आणि प्रिंटर कुठल्या पोर्टवर आहे ते त्या सेवेकडे वेगळं नोंदवावं लागतं. दुसरी वाट कॅप्टड्रायव्हर. हा कॅप्ट पद्धत उलगडून लिहिलेला खुला ड्रायव्हर असून तो नेमका २९००साठी चांगला चालतो. मी दुसरी वाट घेतली. कारण साधं आहे : खुल्या ड्रायव्हरमध्ये एक फिल्टर आणि एक पीपीडी फाइल (प्रिंटरला काय येतं त्याचं वर्णन), बस्स. मागे कुठलीही वेगळी सेवा नाही. काही बिघडलं तर बघायच्या जागा कमी. ज्या वाचनालयात माझ्यानंतर कोण येईल ते माहीत नाही, तिथे हे महत्त्वाचं. ड्रायव्हर प्रायोगिक आहे असं त्याचे कर्तेच सांगतात, तेही सचिवांच्या कानावर घातलं.

फिल्टर घरच्या लॅपटॉपवर बनवून पेन ड्राइव्हवरून आणला आणि कप्सच्या फिल्टरांच्या फोल्डरात हलवला. रांग बनली. चाचणी पान दिलं. 'फिल्टर अयशस्वी'.

हा संदेश लिनक्सवर छापणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो आणि त्यातून काहीही कळत नाही. कळतं ते एरर लॉगमधून. 'कप्ससीटीएल'ला डीबग लॉगिंग चालू करायला सांगायचं, काम पुन्हा पाठवायचं, मग लॉगचा शेवट वाचायचा. तिथे ओळ होती की या फिल्टरच्या परवानग्या असुरक्षित आहेत, मालक क्रमांक १०००. कप्सचा नियम असा की फिल्टरचा मालक रूटच, म्हणजे प्रणालीचं सर्वाधिकारी खातंच, असला पाहिजे आणि इतर कुणाला त्यात लिहिता येता कामा नये. पेन ड्राइव्हवरून हलवलेली फाइल साध्या वापरकर्त्याच्या नावावर राहिली होती. मालक रूट केला, परवानगी ७५५ केली (लिहिता येईल फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचता-चालवता), पान निघालं.

नियम मला पटतो. फिल्टर हा छापायला आलेल्या कुठल्याही फाइलवर आपोआप चालणारा प्रोग्राम आहे. तो कुणालाही बदलता आला तर दार उघडं टाकल्यासारखं होईल. फक्त हा निरोप स्क्रीनवर आला असता तर किती लोकांचे तास वाचले असते.

डीबग लॉगिंग काम झाल्यावर बंद केलं. चालू ठेवलं तर लॉग फुगत जातो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

एलबीपी छापते, पण पानाचा खालचा भाग गायब. कार्यकारिणीच्या सभेच्या वृत्तांतावर सगळ्यात खाली 'अध्यक्ष / सचिव' अशी सह्यांची ओळ असते. तीच नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "बाकी काही नसलं तरी चालेल हो, सही करायला जागा तर हवी."

कागद ए४ आहे, २९७ मिलिमीटर उंचीचा. रांगेचा मूळ आकार मात्र 'लेटर', २७९ मिलिमीटर. अठरा मिलिमीटर कमी, आणि सह्या नेमक्या त्या अठरा मिलिमीटरांत. लेटर हा अमेरिकेचा कागद. आपल्याकडे तो दुकानात मागितला तरी मिळणार नाही. पण पीपीडी फाइलमध्ये मूळ आकार म्हणून तोच लिहिलेला असतो.

कागदाचा आकार एकाच ठिकाणी ठरत नाही, ही या प्रश्नातली खरी मेख आहे. प्रणालीचा एक मूळ आकार असतो. प्रत्येक रांगेचा आपला असतो. लिब्रेऑफिसच्या प्रत्येक दस्तऐवजात पानाची शैली असते, तिच्यात वेगळा. पीडीएफ बघायच्या प्रोग्राममध्ये 'पानात बसवा' असा पर्याय असतो, तो या सगळ्यांवर आपली मात्रा चालवतो. चौघांचं एकमत झालं तरच पान सरळ निघतं. आणि एकाने बिनसवलं की परिणाम दर वेळी वेगळा दिसतो : कधी खालून कापलेलं, कधी सगळंच थोडं आक्रसलेलं, कधी प्रिंटर 'लेटर कागद घाला' म्हणून थांबलेला.

आज केलं ते असं. आधी प्रणालीचा आकार ए४. मग 'एलपीअ‍ॅडमिन'ने तिन्ही रांगांचा मूळ आकार ए४. इथे एक बारकावा : पुष्कळ जण हे 'एलपीऑप्शन्स'ने करतात, पण साध्या वापरकर्त्याने ते चालवलं तर बदल त्याच्याच घराच्या फोल्डरात लिहिला जातो. म्हणजे माझ्या खात्यावरून सगळं ठीक आणि बाईंच्या खात्यावरून पुन्हा लेटर. मूळ रांगच बदलली की सगळ्यांना एकच उत्तर मिळतं. शेवटी जुन्या वृत्तांताच्या फाइलची पानाची शैली उघडली, तिथेही लेटर सापडला. कुणीतरी कधीतरी परदेशातल्या नमुन्यावरून बनवलेली असणार.

लीगलचा प्रश्न वेगळा. वाचनालयाच्या जागेचा भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, असलं काही अजूनही लीगलवर टंकलं जातं, २१६ बाय ३५६ मिलिमीटर. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० पासून ए४ स्वीकारला तरी तालुक्याची सवय लवकर जात नाही. त्यासाठी एलबीपीचीच दुसरी रांग बनवली, नाव 'कार्यालय-लीगल', मूळ आकार लीगल. एकाच यंत्राच्या दोन रांगा ठेवायला कप्सची काही हरकत नसते, आणि बाईंना दर वेळी पर्यायांच्या खिडकीत शिरावं लागत नाही. कागद बदलायचा, रांग बदलायची, द्यायचं. मला ही सोय सगळ्या उपद्व्यापात सर्वांत आवडली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस अभ्यासिकेतून तक्रार : प्रिंटर कधी दोनदा दिसतो, कधी अजिबात दिसत नाही.

दोनदा दिसण्याचं कारण सरळ होतं. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारे दोघे आहेत. कप्स स्वतः प्रिंटर दिसला की तात्पुरती रांग दाखवतं, आणि कप्स-ब्राउझ्ड नावाची जोडसेवाही रांगा बनवते. नावात जराशा फरकाने दोन नोंदी येतात आणि मुलं कुठलीही एक निवडतात.

कप्स-ब्राउझ्ड बंदच केली. तिच्यावर माझा राग जुना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षा-संशोधक सिमोने मार्गारितेल्ली यांनी दाखवून दिलं की ही सेवा यूडीपी ६३१ या नेटवर्क-पोर्टवर कुठूनही आलेला निरोप स्वीकारते, त्यातून बनावट प्रिंटर यादीत घुसवता येतो आणि त्याच्यावर कुणी छापायला गेलं की हल्लेखोराची आज्ञा चालते. दुरुस्त्या आल्या, मिंटमध्येही पोचल्या. पण ज्या सेवेची आम्हाला गरजच नाही ती चालू का ठेवायची? अभ्यासिकेचं वायफाय दिवसभर अनोळखी मोबाइलांनी भरलेलं असतं.

अजिबात न दिसण्याचं कारण राउटरमध्ये निघालं. प्रिंटरला राउटर दर वेळी नवा पत्ता द्यायचा. शिवाय पाहुण्यांसाठीच्या वायफायवर उपकरणांनी एकमेकांना पाहू नये अशी सोय चालू होती. ती हवीच, मुलांच्या मोबाइलांसाठी. पण अभ्यासिकेचा संगणकही त्याच वायफायवर होता! त्याला मुख्य जाळ्यावर घेतलं, राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला, आणि त्या पत्त्यावर 'एव्हरीव्हेअर' नमुन्याची पक्की रांग बनवली. ही रांग बनवताना प्रिंटर चालू आणि जागा असावा लागतो, कारण कप्स त्याच क्षणी त्याला त्याची माहिती विचारतं. झोपलेल्या प्रिंटरवर ही आज्ञा दिली की नुसती त्रुटी येते आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आलेली तक्रार प्रिंटरची नव्हतीच, पण आली प्रिंटरच्या नावाने. "सर, प्रिंटर मराठी छापत नाही."

पाहिलं तर सभासदांच्या नियमांचं जुनं पत्रक, युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टात टंकलेलं. अशा फाइलीत खरी मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी कळांची अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. तो फॉन्ट नव्या संगणकावर नाही, म्हणून चेहरा उतरला आणि इंग्रजी अक्षरांचं कडबोळं उरलं. पडद्यावरही तेच दिसत होतं, पण लक्ष गेलं ते कागदावर.

पत्रक युनिकोडमध्ये बदलून घेतलं. रूपांतरकाने जोडाक्षरांचे आणि रफाराचे थोडे घोळ केले. ते बाईंनी हाताने काढले, आणि त्यांचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे. फॉन्ट लोहित देवनागरी. एक गोष्ट सगळ्या मराठी लिहिणाऱ्यांनी करावी : लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' ठरवावी. हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी केली की फॉन्टात सोय असेल तर आपल्या वळणाचे येतात. छापील पत्रकात तो फरक जाणत्या वाचकाला लगेच टोचतो.

अशा तक्रारींसाठी आता एक ठरलेली परीक्षा. आधी त्याच दस्तऐवजाची पीडीएफ काढायची आणि ती उघडून बघायची. पीडीएफमध्येच बिघडलं असेल तर दोष फॉन्टचा किंवा फाइलीचा. पीडीएफ चांगली आणि कागद वाईट असेल तरच प्रिंटरकडे वळायचं. बाई हे आता मला न विचारता करतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काउंटरवरच्या प्रिंटरमधून सकाळी एका पाठोपाठ एक तीच पावती निघत राहिली.

घडलं ते असं. काल संध्याकाळी मामांनी प्रिंटर बंद केला. त्यानंतर कुणीतरी पावती दिली, कागद आला नाही, म्हणून पुन्हा दिली, पुन्हा दिली. प्रिंटर बंद असला तरी बॅकएंड हार मानत नाही. ठराविक वेळाने पुन्हा प्रयत्न करत थांबून राहतो. बाकीची कामं मागे रांगेत. सकाळी प्रिंटर चालू होताच साठलेलं सगळं बाहेर.

कप्समध्ये 'त्रुटी आली तर काय करायचं' असं धोरण प्रत्येक रांगेला देता येतं : रांग थांबवा, काम सोडून द्या, किंवा पुन्हा प्रयत्न करा. पण प्रिंटर नुसता बंद असणं ही बॅकएंडच्या लेखी त्रुटी नसून प्रतीक्षा आहे, त्यामुळे धोरण बदलून हा प्रश्न सुटत नाही. एका कामाला कमाल किती वेळ द्यायचा याची मर्यादा मात्र कप्समध्ये असते, मुळात ती तीन तासांची. काउंटरच्या संगणकावर ती दहा मिनिटांवर आणली. आता अडकलेली पावती आपोआप रद्द होते आणि सकाळचा पाऊस टळतो. अर्थात रद्द झालेली पावती पुन्हा द्यावी लागते, पण काउंटरवर उभा असलेला सभासद दहा मिनिटं थांबतच नाही.

धोरणाचा उपयोग दुसरीकडे झाला. कार्यालयातली रांग 'थांबवा' धोरणावर होती. छापताना मध्येच केबल निसटली की रांग बंद पडायची आणि केबल लावली तरी बंदच राहायची. बाईंचं खाते साधं असल्याने तिला पुन्हा चालू करायचा अधिकार त्यांना नव्हता. पासवर्ड माझाच लागायचा. धोरण 'पुन्हा प्रयत्न करा' केलं आणि बाईंचं खातं 'एलपीअ‍ॅडमिन' गटात घातलं. त्या गटाला प्रिंटरची व्यवस्था बघता येते, बाकी प्रणालीला हात लावता येत नाही. एवढा अधिकार पुरेसा आणि रास्त आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

१०२०वर डाव्या कडेला फिकट पट्टा. यात लिनक्सचा संबंध नाही, हे कागद पाहूनच कळतं : प्रत्येक पानावर एकाच जागी, वरपासून खालपर्यंत.

तंत्रज्ञ लोकांची जुनी युक्ती केली. पान अर्ध्यात असताना प्रिंटर बंद करायचा, झाकण उघडून कार्ट्रिज काढायचं आणि ड्रमवर उमटलेलं बघायचं. तिथेच फिकट असेल तर दोष कार्ट्रिजचा, तिथे चांगलं आणि कागदावर वाईट असेल तर पुढचा. ड्रमवरच फिकट होतं. १२ए कार्ट्रिज पुष्कळदा भरून आणलेलं. नवं असताना ते २००० पानांचं धरतात. रिफिलवाल्याकडे पाठवलं, तो म्हणाला ड्रम बदलावा लागेल. बदलला, पट्टा गेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हस्तांतराचा दिवस. प्रत्येक संगणकावर टाइमशिफ्टने प्रणालीची प्रत काढून ठेवली. रांगांची नोंद असलेली फाइल, पीपीडी फाइली, एचपीलिपचं प्लगइन आणि कॅप्टड्रायव्हरचा मूळ कोड पेन ड्राइव्हवर एकत्र केले, आणि पेन ड्राइव्ह बाईंच्या कपाटात, दाखलखारिज रजिस्टरशेजारी. सोबतच्या चिठ्ठीत एक सूचना ठळक लिहिली : रांगांची फाइल हाताने बदलायची असेल तर आधी कप्स बंद करायचं. चालू असताना बदललं तर कप्स बंद होताना आपली प्रत वर लिहितं आणि केलेलं पुसलं जातं.

भिंतीवर लावायचा कागद बाईंनी स्वतः लिहिला, मी फक्त तपासला. त्यात आधी प्रिंटरचे दिवे बघा, मग कागद, मग केबल, मग पडद्याच्या कोपऱ्यातलं प्रिंटरचं चिन्ह उघडून रांगेत काय साठलंय ते बघा, आणि पुन्हा 'छापा' दाबण्याआधी हे सगळं करा, असा क्रम आहे. माझा नंबर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत, म्हणजे ३.० मध्ये, पीपीडीवर चालणारे जुने ड्रायव्हर काढून टाकले जाणार आहेत. त्यांच्या जागी 'प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन' येतील, म्हणजे जुन्या प्रिंटरला आयपीपी बोलणारा मुखवटा चढवणारे छोटे प्रोग्राम. १०२० आणि २९०० या दोघांनाही तेव्हा काहीतरी सोय शोधावी लागेल. पण मिंट २२ची मुदत २०२९ पर्यंत आहे, आणि तोवर या दोन यंत्रांचे रोलर टिकतील की नाही याचीच मला जास्त शंका आहे.

राहिलेलं काम : अभ्यासिकेतल्या प्रिंटरचा स्कॅनर. सेन-एअरस्कॅन या नेटवर्कवरच्या स्कॅनरांसाठीच्या ड्रायव्हरने तो दिसतो, 'डॉक्युमेंट स्कॅनर'मधून काचेवरचं पान येतं, पण वरच्या फीडरमधून एका वेळी अनेक पानं घेताना तिसऱ्या-चौथ्या पानाला अडतं. पुढच्या शनिवारी बघतो. सचिवांच्या घरच्या लॅपटॉपचं मात्र मी काही बोललो नाही, त्यांनीच आज विषय काढला, "आमच्याही प्रिंटरचं जरा बघाल का?" मॉडेलचं नाव आणि मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितलं आहे.